शरीराचा आपपरभाव

बेळगावच्या टिळकवाडी भागात ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने ओळखले जाणारे एक विस्तीर्ण, वृक्षांनी भरलेले आवार आहे. मुंबई इलाख्याच्या काळात तेथे देवीची लस तयार होत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी लस बनविण्याचे काम थांबले नाही. १९६२ साली देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे उन्हाळ्यातही टिकणारी, गोठवून वाळविलेली लस देशातच तयार करण्याचे ठरले, तेव्हा ज्या चार संस्थांनी हे काम अंगावर घेतले त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला बेळगावचे नाव होते.

देवीचा रोग आता उरलेला नाही. १९७५ नंतर भारतात त्याचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली साऱ्या जगातून तो नाहीसा झाल्याची घोषणा झाली. आज बेळगाव, कोल्हापूर, मिरज येथील दवाखान्यांत येणारे दुखणाईत निराळ्या व्याधींनी गांजलेले असतात. कोणाचे सांधे सुजून आखडलेले असतात, कोणाच्या त्वचेवर खवले धरलेले असतात, कोणाचे आतडे आतून सोलवटल्यासारखे झालेले असते. या व्याधी बाहेरच्या जंतूंनी आणलेल्या नसतात. शरीराची रक्षणव्यवस्था आपल्याच घरावर उलटल्यामुळे त्या उद्भवतात आणि त्यांवर दिली जाणारी नवी औषधे ही प्रथिने असतात. देवीची लस आणि ही नवी प्रथिनौषधे यांचा संबंध वरवर पाहता दिसत नाही. पण दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : शरीर आपले कोणाला म्हणते आणि परके कोणाला?

या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास तो गोठ्यापासून सुरू होतो. इंग्लंडात जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीचा द्रव माणसास टोचून देवीपासून बचाव होतो हे दाखविले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली आणि हिंदुस्थानात लसीचा प्रवेश झाला. प्रारंभी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचीत. त्यामुळे एकाचे इतर रोग दुसऱ्यास जडण्याची भीती असे. पुढे वासरांच्या व रेडकांच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली. जनावराच्या पोटावरील केस काढून कातडीवर बारीक ओरखडे काढीत, त्यांवर लस लावीत आणि काही दिवसांनी तयार झालेला गर खरवडून ग्लिसरिनमध्ये घोटीत. ‘देवी काढणारा’ गावात आला की मुले माळ्यावर लपत, ही आठवण सांगणारी माणसे सीमाभागातील खेड्यांत अजूनही भेटतात.

त्या टोचणीने शरीरात काय घडते याचा उलगडा मात्र पुष्कळ उशिरा झाला. परका पदार्थ आत शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी त्याचे रूप ओळखतात आणि नेमक्या त्या रूपाला जाऊन चिकटेल असे एक प्रथिन घडवितात. यास प्रतिद्रव्य म्हणतात. कुलपास जशी किल्ली, तसे परक्या द्रव्यास त्याचे प्रतिद्रव्य. शिवाय ही ओळख शरीर विसरत नाही. दुसऱ्या वेळी तोच शत्रू आला की प्रतिद्रव्यांची फौज त्वरेने उभी राहते. देवीच्या लसीचे सारे सामर्थ्य या स्मरणात होते.

प्रतिद्रव्य एका शरीरात तयार होत असेल तर ते काढून दुसऱ्यास देता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी त्याचे होकारार्थी उत्तर दिले. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषाविरुद्ध तयार झालेले जनावराचे रक्तजल दुसऱ्या जनावरास दिल्यास त्याचा बचाव होतो, हे त्यांनी दाखवून दिले. लवकरच घोड्यांना थोडेथोडे विष टोचून त्यांचे रक्तजल औषध म्हणून वापरण्याची पद्धत सर्वत्र पसरली. मुंबईच्या हाफकिन संस्थेने सर्पदंशावरील रक्तजल याच मार्गाने तयार केले. उसाच्या फडात किंवा तंबाखूच्या शेतात साप चावलेल्या शेतकऱ्याला आजही जे औषध टोचले जाते ते घोड्याच्या रक्तातील प्रतिद्रव्यच असते. प्रथिन हे औषध होऊ शकते, ही गोष्ट अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सिद्ध झाली होती.

परंतु घोड्याने माणसाचा जीव वाचविला तरी माणसाच्या शरीराने घोड्याला आपले मानले नाही. रक्तजल टोचल्यानंतर आठदहा दिवसांनी काही रोग्यांना ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजून दुखू लागत. व्हिएन्नातील फॉन पिर्के आणि शिक या वैद्यांनी १९०५ साली या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले. रोग्याचे शरीर घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते आणि त्या झटापटीतून ही पीडा होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाने एक मोठी गोष्ट प्रथमच पुढे आणली. रोग बाहेरच्या विषानेच होतो असे नाही, शरीराच्या बचावानेही रोग होऊ शकतो.

तरीसुद्धा शरीर आपल्याच अवयवांवर हत्यार उचलील, हे मानावयास त्या काळचे पंडित तयार नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर असे मत मांडले की, स्वतःला विष देण्याविषयी शरीराला उपजत भय असते. त्या मताचा जो अर्थ पुढील पिढीने घेतला तो असा की, असा रोग संभवतच नाही. थोर माणसाच्या एका वाक्याने कित्येक वर्षे संशोधनाची वाट अडविली.

ही अडचण दूर होण्यास जी साधने कारणीभूत झाली त्यांत एक लस हिंदुस्थानात घडलेली होती. कसौली येथील पाश्चर संस्थेचे संस्थापक डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर मेंढीच्या मेंदूपासून एक लस सिद्ध केली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत ती हीच. या लसीने असंख्य प्राण वाचविले यात शंका नाही. तथापि ती घेणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांचे हातपाय काही दिवसांनी लुळे पडत. हा दोष पाश्चरच्या मूळ लसीतही दिसून आला होता, कारण तीही जनावराच्या मज्जारज्जूपासूनच होत असे. काही केल्या या लुळेपणाचे कारण सापडत नव्हते. १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वरचेवर टोचला. त्यात रोगाचा विषाणू नव्हता, तरीही माकडांच्या मेंदूला दाह झाला. याचा अर्थ उघड होता. परक्या मेंदूची ओळख शिकता शिकता शरीर आपल्या मेंदूलाही परके समजू लागले होते. मेंदूच्या ऊतकापासून बनविलेली ही लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्या जागी पेशींवर वाढविलेली सुरक्षित लस आली. पण तिच्या दोषाने जे शिकविले ते वाया गेले नाही. या प्रयोगांच्या आधारे इस्राएलातील वाइझमन संस्थेच्या सेला, आर्नोन आणि टाइटेलबाउम यांनी चेतातंतूंच्या आवरणातील प्रथिनाशी साम्य असलेले एक कृत्रिम द्रव्य तयार केले. मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणाला पोखरणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगावर ते १९९६ साली अमेरिकेत मान्य झाले.

मधल्या काळात एर्लिशच्या मताचे ओझे उतरले होते. १९५६ साली लंडनमध्ये रॉयट, डोनिआक आणि कॅम्पबेल यांना गलग्रंथीच्या एका जुनाट रोगात रोग्याच्या रक्तात स्वतःच्याच गलग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी हाच प्रकार सशांत प्रयोगाने घडवून दाखविला. शरीर स्वतःशी वैर करते, ही गोष्ट आता नाकारता येण्यासारखी राहिली नाही. आणि मग एक चमत्कारिक सत्य ध्यानी आले. अशा स्ववैरी रोगावर प्रथिनाचे औषध वैद्यांनी त्यापूर्वीच वापरले होते, फक्त तो रोग या जातीचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ते औषध म्हणजे इन्सुलिन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. बालवयात जडणारा मधुमेह हा स्वादुपिंडातील पेशींवर शरीराने केलेल्या हल्ल्यामुळे होतो, याचा मोठा पुरावा १९७४ साली बोटाझो आणि डोनिआक यांनी पुढे आणला. इन्सुलिन हल्ला थांबवीत नाही, हल्ल्यात जे नष्ट झाले त्याची भरपाई करते.

हल्लाच थांबवावयाचा तर हल्ल्याचा हुकूम नेणारा जासूद गाठला पाहिजे. पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते लहान लहान प्रथिनांच्या रूपाने. त्यांपैकी एकाला शास्त्रज्ञ संक्षेपाने टीएनएफ म्हणतात. १९७५ साली त्याचे नामकरण झाले तेव्हा ते गाठी मारणारे द्रव्य समजले जाई. सांध्यांत दाह पेटविणाऱ्यांतही तेच पुढे असते, हे नंतर कळले. त्याच १९७५ साली इंग्लंडात केंब्रिज येथे कोलर आणि मिल्स्टीन यांनी एकाच नमुन्याचे प्रतिद्रव्य हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली. प्रतिद्रव्य बनविणारी उंदराची पेशी त्यांनी अमर्याद वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. आता घोड्याच्या रक्तातील सरमिसळ प्रतिद्रव्यांऐवजी नेमक्या एका लक्ष्यावर बसणारे शुद्ध प्रतिद्रव्य हाती आले.

येथेही जुनीच अडचण आडवी आली. १९८६ साली मूत्रपिंडारोपणाच्या रोग्यांसाठी अशा प्रतिद्रव्याचे पहिले औषध मान्य झाले, पण ते उंदराचे असल्यामुळे रोग्यांची शरीरे त्याच्याविरुद्ध उठू लागली. घोड्याच्या रक्तजलाचीच ही पुनरावृत्ती होती. मग शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाला माणसाळविण्याचा उद्योग आरंभिला. ग्रेगरी विंटर यांनी १९८६ साली उंदराच्या प्रतिद्रव्याचे केवळ टोक तेवढे ठेवून बाकीचे अंग मानवी करण्याची रीत दाखविली. पुढे संपूर्ण मानवी घडणीची प्रतिद्रव्ये बनविणे शक्य झाले. या कार्याबद्दल विंटर यांना २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९८६ च्या त्या मूळ औषधाचेही भाग्य उजळले. त्याचे माणसाळविलेले रूप २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले असून, बालमधुमेहाचा धोका निश्चित झालेल्या व्यक्तींत तो रोग सरासरी दोनेक वर्षे लांबविण्याचे काम ते करते. ज्या मधुमेहात शंभर वर्षांपूर्वी केवळ भरपाई करणे शक्य होते, त्याच्या मूळ हल्ल्याला आता थोडा तरी आळा बसला.

आमवाताच्या बाबतीत निर्णायक पाऊल लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पडले. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली, इतर औषधांना दाद न देणाऱ्या आमवाताच्या २० रोग्यांवर टीएनएफ-विरोधी प्रतिद्रव्याचा पहिला प्रयोग सुरू केला. वर्षानुवर्षे आखडलेले सांधे मोकळे होऊ लागले. १९९८ साली या वर्गातील पहिली औषधे अमेरिकेत मान्य झाली आणि २००२ च्या अखेरीस त्यांत मानवी घडणीच्या प्रतिद्रव्याची भर पडली. ही औषधे बहुधा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या लहान प्राण्याच्या पेशींत वाढविली जातात. त्या पेशींचा वंश १९५७ पासून प्रयोगशाळांत चालू आहे. औषध घडविणारा जीव असा रेडकापासून घोड्यापर्यंत आणि घोड्यापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीपर्यंत लहान लहान होत आला.

मात्र यशाबरोबर एक इशाराही आला. टीएनएफ सांधे पोळत असेल, पण फुप्फुसात दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना वेढा घालून ठेवण्याचे कामही तेच करते. २००१ साली अमेरिकेतील वैद्यांनी दाखवून दिले की हे औषध घेणाऱ्या काहींच्या अंगातील निद्रिस्त क्षय जागा झाला. युरोपात जी गोष्ट क्वचित घडे ती भारतात सहज घडू शकते, कारण येथे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. म्हणून अशा औषधाचे पहिले इंजेक्शन देण्याआधी क्षयाची तपासणी करणे हा नियम ठरला आहे. पहारेकऱ्याचा हात धरावा लागला तरी त्याने कोणत्या दारावर पहारा ठेवला आहे हे आधी पाहावे, असा याचा बोध आहे.

हा इतिहास दूरच्या प्रयोगशाळांचा वाटला तरी निपाणीला तो अगदी जवळून स्पर्श करतो. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले, त्या तंबाखूचा धूर ओढणाऱ्यांत आमवाताचे प्रमाण अधिक आढळते. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ साली याचे एक कारण पुढे मांडले. धुरामुळे फुप्फुसांतील काही प्रथिनांच्या घडणीत सूक्ष्म फरक पडतो. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या माणसाचे शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परके ठरविते आणि पुढे तोच रोष सांध्यांवर उतरतो. आपल्याच माणसाचा चेहरा धुराने काळवंडावा आणि घरच्यांनी त्याला ओळखू नये, तसे हे होते. पण या वनस्पतीची दुसरी बाजूही आहे. १९८९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्याच रोपात प्रतिद्रव्य तयार करून दाखविले, आणि २०१४ साली इबोलाच्या साथीत वापरलेली काही प्रतिद्रव्ये तंबाखूच्या एका भाऊबंद वनस्पतीत वाढविलेली होती. आमवाताची प्रचलित प्रथिनौषधे बहुतेक प्राणिपेशींतच तयार होत असली, तरी जे पान विकार वाढविते त्याच पानात औषध घडू शकते, ही गोष्ट तंबाखूवर जगणाऱ्या मुलखाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रथिनौषधांची निर्मिती आता भारतातही होते. बंगलोरच्या बायोकॉन कंपनीने क्यूबातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने सोरायसिस या त्वचारोगावरील प्रतिद्रव्य २०१३ साली बाजारात आणले. पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या झायडस कंपनीने टीएनएफ-विरोधी मानवी प्रतिद्रव्याची देशी आवृत्ती काढली. परदेशी मूळ औषधाशी बरोबरी करणाऱ्या अशा देशी औषधांमुळे किमती उतरल्या हे खरे. परंतु ज्या बाईचे पोट विड्या वळण्यावर चालते आणि जिची बोटेच सकाळी मिटत नाहीत, तिच्या कुटुंबाला ती उतरलेली किंमतही पेलण्यासारखी नसते. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त औषध वेळेवर सुरू झाल्यास पुष्कळांचे सांधे त्यानेच वाचतात आणि प्रथिनौषधाची गरज थोड्यांनाच लागते. तेव्हा दुखणे लवकर ओळखले जाणे, ही गरिबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट ठरते. सांधे वाकडे झाल्यावर महागडे औषधही त्यांना सरळ करू शकत नाही.

दुसरी अडचण जुन्याच ओळखीची आहे. ही औषधे दोन ते आठ अंश तापमानात जपावी लागतात, अन्यथा प्रथिनाची घडण बिघडून ते निरुपयोगी होते. देवीच्या पातळ लसीचाही उन्हाळ्यात असाच नाश होई. त्या वेळी लस वाळवून टिकाऊ करण्यात आली, ती फुकट देण्यात आली आणि टोचणारा माणूस दारोदार हिंडला. तेव्हाच देवी हटली. एकट्या लसीच्या शोधाने ती हटली असती तर जेन्नरनंतर पावणेदोनशे वर्षे वाट पाहावी लागली नसती.

शरीराने आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्यात केलेली चूक माणसाला सुधारता येऊ लागली आहे, हे विज्ञानाचे मोठेच यश होय. सरहद्दीवर राहणाऱ्या लोकांना आपपरभाव किती दुखवू शकतो हे निराळे सांगावयास नको. औषधाच्या वाटपातही तो शिरू नये, एवढी काळजी मात्र समाजाने घेतली पाहिजे. बेळगावात तयार झालेली लस टोचताना मुलाचे गाव, जात किंवा भाषा कोणी विचारीत नसे, आणि पैसेही मागत नसे. नव्या प्रथिनौषधांच्या बाबतीत तेवढी मजल अजून गाठावयाची आहे.